खिचडीचे गुण

आई, तुझ्या साबुदाण्याच्या खिचडीला किती गुण द्यायचे, यावरून मी आज कामावर भांडून आले. हल्ली माझं काम म्हणजे वस्त्यांमध्ये जाऊन बायकांना विचारायचं, की जातीवरून कुणी लांब ठेवलं तर तुम्ही काय करता? भांडता, गप्प बसता, की उठून जाता? उत्तराला गुण द्यायचे. त्यांवरून म्हणे माणूस अपमान कसा पचवतो ते मोजता येतं. सरावासाठी आम्हा विचारणाऱ्यांपैकी प्रत्येकीनं आपल्या घरातलं एक उदाहरण सांगायचं होतं. मी तुझं सांगितलं.

तू सातपूरच्या कारखान्यात पॅकिंगला नवी होतीस. जेवणाच्या सुट्टीत बायका गोल बसून एकमेकींच्या भाज्या घ्यायच्या. आपण पेठ तालुक्याकडचे आदिवासी हे कळलं, आणि तुझा डबा पुढे आला की सगळ्यांना उपवास आठवू लागले. कुणाचा सोमवार, कुणाची चतुर्थी, आणि हातात पोळी! तू काय करावंस? पहाटे उठून खिचडी केलीस, भरपूर दाण्याचं कूट घालून, आणि मोठा डबा मध्ये ठेवून म्हणालीस, "उपवास हाय ना, मग घ्या की."

कुणी घेतली नाही. संध्याकाळी तू ओट्यापाशी उभी राहून एकेकीच्या तोंडाची नक्कल करते आहेस, आम्ही भावंडं तीच खिचडी खात पोट धरून हसतो आहोत. मी म्हटलं, "डबा तोंडावर फेकायचास ना त्यांच्या." तू एकदम ओरडलीस, "उद्या त्यांच्याशेजारी मला बसायचंय. तुला नाय!" आणि आमच्याकडे पाठ करून भांडी घासायला बसलीस.

आज हे ऐकून आमच्या कामावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "हे गप्प बसण्यात धरू." माझं डोकंच फिरलं. पहाटे उठून साबुदाणा परतणारी बाई गप्प कशी? बाईंनी शांतपणे विचारलं, "बरं, आईंना त्रास व्हायचा का याचा?"

"छे! ती हसायची," मी ताडकन म्हणाले. त्यांनी तसं लिहून घेतलं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र पाठवणार तरी कुठे? कुणी वाचणार नाही, म्हणून तुलाच खरं सांगते. भांडी घासताना तुझी पाठ हलत होती, नळ उगाच मोठा सोडला होतास. मी पाहिलं होतं. पण त्यांच्या कागदावर तू रडलेली मला नको होतीस.