पळसाच्या पानांचा पुतळा

कोपरी, ठाणे
१९ ऑक्टोबर १९५९

प्रिय नीला,

तुझ्या पत्राला उत्तर गेलं नाही म्हणून तिकडे जबलपुरात तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. खुशाल मोड. नणंद म्हणून तो तुझा हक्कच आहे, जरी शाळेत माझी वेणी बाकाला बांधून ठेवणाऱ्या मुलीला 'वन्सं' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. उशीर झाला कारण दसऱ्यानंतर मी आणि बाबा नेहमीप्रमाणे डोंगरात गेलो होतो. परवा परत आलो. बाबांचे गुडघे सुजलेत, दोन्ही वेळा शेक देते आहे. आजपासून माझी शाळा सुरू झाली. चौथीची मुलं रजेत सगळं विसरून आली आहेत.

हे बारावं वर्ष. स्वातंत्र्य मिळालं त्या साली दसरा झाल्यावर तुझा भाऊ एकटाच भंडारदऱ्याच्या तलावावर गेला. त्याचं डोंगरांचं वेड तुला मी काय सांगणार! त्याच वेडाचं कौतुक करकरून तू मला त्याच्या गळ्यात बांधलीस. चार दिवसांनी तलावाच्या काठावर त्याचा कोट आणि बूट सापडले, शेजारी शेजारी नीट ठेवलेले. देह सापडला नाही. पोलिसांनी बुडाला असं लिहून पंचनामा केला. पण तिथला एक म्हातारा कोळी बाबांना म्हणाला, "पानी मानूस ठेवीत न्हाई, तिसऱ्या दिशी वर देतंय." तेवढ्या एका वाक्यावर बाबांनी बारा वर्षं काढली. पोरगा डोक्यात काही घेऊन निघून गेला आहे, आणि तो राहील तर डोंगराजवळ आणि पाण्याजवळच राहील, असं त्यांनी धरून ठेवलं.

म्हणून आमची ही दरवर्षीची वारी, विठोबाशिवायची. तानसा झाला, त्याच्या बाजूची जंगलवाट झाली, वैतरणेवर नवं धरण बांधत होते तिथेही जाऊन आलो. पण शेवट दरवेळी भंडारदऱ्यालाच. लोक इगतपुरीकडून मोटारीने जातात, बाबांना मात्र चोंढ्याचा घाट चढूनच जायचं असतं, कारण तुझा भाऊ त्या वाटेने जायचा. आसनगावला उतरायचं, सर्व्हिस मोटारीने डोळखांबपर्यंत, आणि पुढे पायी. पहिल्या वर्षी मी नऊवारीत तो घाट चढले आणि पायाला फोड आले म्हणून रडले. आता बाबांना हात देऊन मीच वर ओढते. खरं सांगू? त्या दिवसांत त्या वाटा मला आवडायच्या. कारवीच्या रानातून वर आलं की एकदम वारा लागतो आणि खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं. नवऱ्याला शोधायला आलेल्या बाईने असं सुखावू नये, म्हणून मी मान खाली घालून चालायची.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून, त्याला नारळाचं डोकं लावून अग्नी द्यायचा, हे तुला माहीत आहेच. त्यानंतर तो माणूस मेला आणि त्याची बायको विधवा. गुरुजी श्रावणापासून विचारत होते, बाबा 'बघू' म्हणून टाळत होते. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एकच सांगितलं असतं, की मला काहीतरी एक करून टाका. आळीत हळदीकुंकवाचं बोलावणं येतं, कुंकूही लावतात, पण ओटी भरायची वेळ आली की बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. वडाला सूत गुंडाळताना पाठीमागची कुजबुज ऐकू येते. धड सवाष्ण नाही आणि धड विधवाही नाही, अशी मी चौतिशीला आले. तो जिवंत असेल तर यावा, मेला असेल तर तसं कळावं, याच्यापलीकडे मी देवाकडे काही मागितलं नाही.

आईंचं शेवटचं आजारपण तू पाहिलं नाहीस. तुझं बाळंतपण होतं, तू येऊ शकली नाहीस, त्याचा सल धरू नकोस. पाच वर्षं झाली आता. शेवटचे पंधरा दिवस त्यांना अन्न जात नव्हतं, तरी त्याचं ताट वाढायला लावायच्या आणि फाटकाची कडी वाजली की विचारायच्या, "आला का गं तो?" दूधवाला आला असं सांगायचा मला कंटाळा यायचा. एकदा मी चिडून "नाही आला" असं ओरडले, तर त्याच मला थोपटायला लागल्या. सुमती नाव शोभायचं त्यांना.

तर यंदाचं. बाबा घाटात तीनदा बसले. घाटघरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही तलावाच्या कडेकडेने रतनवाडीकडे निघालो. पाणी यंदा वरपर्यंत आहे. दरवर्षीची खालची वाट बुडालेली, म्हणून एका गुराख्याने वरच्या अंगाची वाट दाखवली. त्या वाटेने आम्ही पूर्वी कधीच गेलो नव्हतो. दुपारी ऊन तापलं तेव्हा दोन आंब्यांखाली एक कुडाचं घर दिसलं. अंगण सारवलेलं, तुळस, दारात नाचणी वाळत घातलेली. एक बाई होती, माझ्याच वयाची असेल. तिने पाणी दिलं, बाबांना घोंगडी टाकून दिली. बाबांनी नेहमीप्रमाणे खिशातून फोटो काढला आणि असा कोणी पाहिलात का म्हणून विचारलं. त्या बाईने फोटो हातातही घेतला नाही. लांबूनच बघितलं, पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "न्हाई. असला मानूस इकडं न्हाई." मग एकदम वळून तिने अंगणात खेळणाऱ्या मुलीला हाक मारली, "सुमती, घरात चल."

नीला, त्या वाड्यांवर रखमा, गोदा, ठकी अशी नावं. सुमती कुठून येणार? मुलीने वर पाहिलं. सात-आठ वर्षांची, पुढचे दात पडलेले, आणि तोंडावर तुमच्या घराण्याचं नाक. ज्याच्यावरून मी तुला इतकी वर्षं चिडवलं तेच ते, आयतं उचलून लावलेलं. बाबांच्या हातातला फोटो तसाच राहिला. तेवढ्यात खालच्या वळणावर एक माणूस आला. डोक्यावर लाकडांची मोळी, दाढी वाढलेली, अंगात नुसती बंडी. आम्हाला बघून तो थांबला. मोळी खाली टाकली नाही, हाकही मारली नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि मग वळून कारवीत शिरला, पाण्याच्या बाजूला. नवरा होता तो माझा. तीन वर्षं त्याच्याबरोबर संसार केला, दाढी आली म्हणून मी चुकेन होय?

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जिवंत होता तो. मग त्या मुलीकडे पुन्हा नजर गेली आणि हिशेब आपोआप झाला. ती जन्मली तेव्हा आई जिवंत होत्या. वडीलधारी माणसं असेपर्यंत त्यांचं नाव पोराला ठेवत नाहीत, आपल्यात लहान मूलही जाणतं हे. त्याने आईंना आधीच मारून टाकलं होतं आणि नाव तेवढं काढून घेतलं होतं. इकडे त्या कडी वाजली की मान उचलत होत्या. माझ्यासाठी मी त्याला कदाचित माफ केलं असतं. मी काय, तीन वर्षांची बायको. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं की हा माणूस खरंच बुडाला असता तर बरं झालं असतं. त्या बाईवर राग नाही आला. तिने पाणी दिलं होतं.

बाबा उठले, फोटो खिशात ठेवला, त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चालायला लागले. मला वाटलं, मोतीबिंदूमुळे त्यांना वळणावरचं काही दिसलं नसेल. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना ते एका दगडावर बसले आणि वर्गात शिकवावं तशा आवाजात सांगायला लागले, की पूर्वी कोणी कुळाला टाकून गेला तर तो जिवंत असतानाच त्याचं घटश्राद्ध घालत. घडा फोडला की संपलं, त्याचा सोयरसुतकाशी संबंध नाही. मग म्हणाले, "मला तो प्रकार कधी आवडला नाही, उत्तरा. फार चारचौघांत होतो. आपण पळसाचाच विधी करू." आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हा मला कळलं, त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला विचारलं, "तुझी हरकत नाही ना?" बारा वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी विचारलं. मी 'हरकत नाही' म्हटलं.

तेव्हा येत्या रविवारी मधूचा विधी आहे. बघ, नाव लिहिलं मी त्याचं, हात अडखळला नाही. बाबा अग्नी देतील, माझं कुंकू जाईल, आळीतल्या बायकांचाही एक घोळ मिटेल. शाळा आहे, बाबा आहेत, माझं चालेल. मला भीती वाटते ती बाबांचीच. परत आल्यापासून ते खिडकीशी बसून पळसाची पानं पुसतात, एकेक पान, दोन्ही बाजूंनी, आणि मी हाक मारली तर ओ देत नाहीत.

बाबांचं कार्ड तुला वेगळं येईल, त्यात फक्त तिथी असेल. तू पोचणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि हे पत्र बोलावण्यासाठी नाहीच. तुझ्या यजमानांनी एकदा मला सांगितलं होतं, की दर भाऊबीजेला तू भाऊ नाही म्हणून चंद्राला ओवाळतेस आणि आत जाऊन रडतेस. माझा नवरा मी जाळायला तयार झाले, बाबा आपला मुलगा जाळतील. पण तुझा भाऊ तुला न विचारता जाळायचा हक्क आम्हाला कोणी दिला? म्हणून लिहिलं. घाटघरहून रतनवाडीकडे जाताना वरच्या अंगाला, दोन आंब्यांखाली ते घर. जायचं की नाही, ते तुझं तू ठरव, मी दोन्हीत तुला बोल लावणार नाही. गेलीस तर ओवाळ त्याला, आणि आई गेल्याचं सांग. माझं काय झालं असं त्याने विचारलंच, तर म्हणावं, तिचा नवरा वारला.

तुझीच,
उत्तरा