चाळीस लाल आणि एक

मी, खाली सही करणारा, कापड रंगवण्याच्या कारखान्यातला मुख्य रंगारी, वय त्रेपन्न, डोके शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय (बायको बाजारात गेली आहे) हे लिहून ठेवतो. उद्या माझे मूत्राशय काढणार आहेत. परत येईन का, असे डॉक्टरांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला.

१. राहते घर बायकोचे. भिंतींचा रंग ठरवताना तिने माझ्या मेव्हण्याला विचारू नये. त्याला पिवळा आणि बदामी यांतला फरक कळत नाही.

२. नमुन्यांची वही धाकट्या भावाला. तीत लाल रंगाच्या चाळीस चिंध्या आहेत. नुसती कड दाखवा, मी क्रमांक सांगतो. एक्केचाळिसावा लाल मात्र मला ओळखता आला नाही. हौदात जो रंग, तोच लघवीला, ही आमच्याकडची जुनी थट्टा. नवा माणूस घाबरला की "पक्का झालास!" म्हणून आम्ही त्याला चहा पाजायचो. मला लाल दिसले तेव्हा हौदात लालच होता. दुखतही नव्हते. पुढे हौदात निळा आला, तरी मोरीत लालच. जुना रंग निघतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. बायकोला दिसू नये म्हणून बादली दोनदा ओतायचो. असे आठ महिने.

३. माझी विनोदबुद्धी डॉक्टरांना. त्यांनी दुर्बिणीने आत पाहून तुकडा काढला आणि सांगितले, "गाठ स्नायूत उतरलीय." मी म्हणालो, "म्हणजे रंग पक्का बसला." ते हसले नाहीत. केमोच्या चार फेऱ्यांत केस गेले, गाठ राहिली.

४. रबरी हातमोजे मालकांना परत. बावीस वर्षांत एकदाच मिळाले, तपासनीस येणार होते त्या दिवशी. कोरे आहेत.

५. वरची खोली धाकट्याला, पण एका अटीवर. तो माझ्याच शेजारच्या हौदावर एकोणीस वर्षे आहे. त्याने लघवी तपासून कागद माझ्या हातात द्यावा. काल त्याला म्हटले, "बाटली भरून द्यायला तुझं काय जातं रे?"

"दादा, तुला झालं म्हणून मलाही होणार? आपण काय एका ताग्यातले आहोत?"

"एका हौदातले आहोत."

"तू आधी बरा होऊन ये, मग बघू."

अशी अट कायद्यात बसत नाही, असे वकील म्हणतात. बसवावी.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली, मोरीला लागून.
दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस, रविवार, सकाळ.
साक्षीदार : शेजारचे शिंपीकाका, कोपऱ्यावरचे औषधवाले.
सही : रंगारी.

सहीनंतरची जोड : साक्षीदार सह्या करत असताना धाकटा माझी दवाखान्याची पिशवी भरायला आला आणि आधी मोरीत गेला. या आठवड्यात हौदात निळा आहे. त्याने बादली ओतली. पुन्हा ओतली. शिंपीकाकांचे पेन थांबले नाही. त्यांना काय कळणार. मी हाक मारली.

"आलो दादा," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा ओतली.