एकबारी रायफलीचा दुसरा बार

२७ ऑक्टोबर १९९६, रविवार

दोन. एक नव्हे — दोन!

घटना क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर उद्या मी स्वतःलाच फसवीन.

रूडी व्हॉसच्या कुरणावरचा उतार. सकाळचे सव्वासात. घोट्याएवढा बर्फ, वारा मुळीच नाही. एल्क हरणांच्या सहा-सात माद्या झुडपांतून वर चढत होत्या. माझ्याजवळ परवान्याची चिठ्ठी एक. म्हणजे मादी एक. अंतर दीडशे यार्ड. दुबेळक्या काठीवर नळी टेकवली, घोडा मागे ओढला, बार काढला. पंचेचाळीस कॅलिबरची जड गोळी, आणि काडतुसे मी स्वतः काळ्या दारूने भरतो. त्यामुळे धुराचा पांढरा पडदा समोर उभा राहिला आणि वाऱ्याअभावी राहूनच गेला. तो विरला तेव्हा मादी त्याच जागी. तशीच आडवी, मान तशीच वर. "अजून उभीच आहे," असे मी मोठ्याने म्हणालो. तरफ खाली, पुंगळी बाहेर, खिशातून दुसरे काडतूस, तरफ वर, घोडा, बार. ती पडली.

वर जाऊन पाहतो तर ती पडली होती हे खरे — आणि तिच्या पलीकडे चार पावलांवर, घळीत, पहिली पडली होती. दोघींच्या अंगातून वाफ निघत होती.

रूडी ट्रॅक्टर घेऊन आला. बराच वेळ पाहत राहिला. मग टोपी मागे सरकवून म्हणाला, "काय जज्जसाहेब, म्हातारपणी हाव सुटली?" मग त्याने आवाज उतरवला. "माझी चिठ्ठी कोरी आहे. दुसरीला लावून टाकतो. अर्धं खोरं हेच करतं."

"अर्धे खोरे माझ्यासमोर उभे राहून गेले आहे, रूडी."

"म्हणूनच तुम्हाला कोणी जेवायला बोलवत नाही!"

त्याच्याच स्वयंपाकघरातून शिकार-निरीक्षकाला फोन केला. तरुण आहे, रेडिग नाव. तो म्हणाला, "सर, दरवर्षी दोघा-तिघांचं असं होतं."

दरवर्षी दोघा-तिघांचे! हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. की सांगितले होते?

२८ ऑक्टोबर

खांदा काळानिळा. दुखतो आहे, ते योग्यच आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

ज्या खुर्चीत मी बावीस वर्षे बसलो तिच्यात आता मार्ला ओस्टबी बसतात. मी पहिल्यांदाच तिच्यासमोर उभा राहिलो. खुर्ची खालून बरीच उंच दिसते.

सुनावणीला बारा मिनिटे लागली. ओस्टबीबाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कळवलंत. मांस वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेलंय. मला इथे गुन्हा दिसत नाही, चूक दिसते. घरी जा."

मी म्हणालो, "एकबारी रायफलीतून दुसरा बार चुकून कसा निघतो, हे आपण विचारले नाही."

"विचारायला हवं होतं का?"

"मी विचारले असते."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. जराही रागाने नाही. "इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो. ऑर्व्हल स्टॅम्पर.

१ नोव्हेंबर

माझ्या जुन्या निकालाची कार्बन प्रत सापडली. नोव्हेंबर १९७१. ऑर्व्हल स्टॅम्पर, वय सेहेचाळीस, शिकाऱ्यांना डोंगरात नेणारा वाटाड्या. एका चिठ्ठीवर दोन माद्या मारल्याचा आरोप. बचाव: पहिली घळीत पडली ती धुरामुळे दिसली नाही, दुसरी तिथेच उभी राहिली, आपला बार चुकला असे वाटले.

माझा निकाल जसाच्या तसा उतरवतो:

"आरोपीची रायफल एकबारी आहे. तीतून दुसरा बार आपोआप निघत नाही. तरफ ओढावी लागते, पुंगळी काढावी लागते, काडतूस शोधून भरावे लागते, पुन्हा नेम धरावा लागतो. यांतील प्रत्येक कृती हा एक स्वतंत्र निर्णय आहे. ज्याने इतके निर्णय घेतले त्याला विचार करण्यास अवधी मिळाला. ज्याला अवधी मिळाला त्याने विचार केला. ज्याने विचार केला त्याचे कृत्य चूक असू शकत नाही."

त्या वेळी मला हा परिच्छेद फार आवडला होता. घरी येऊन बायकोला, सिग्नेला, वाचून दाखवला होता. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "तू माणसं ऐकत नाहीस रे, मुद्दे ऐकतोस."

शिक्षा: रायफल जप्त, परवाना पाच वर्षांसाठी रद्द. परवाना नसलेला वाटाड्या म्हणजे कोणीच नाही. त्याने खेचरे विकली आणि लाकडाच्या गिरणीत लागला. तिथे करवतीने उजव्या हाताची तीन बोटे नेली. हे मला ठाऊक होते. खोऱ्यात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. तेव्हा मी म्हणालो होतो की करवत माझ्या निकालाचा भाग नव्हती.

तो पकडला कसा गेला, हे मात्र निकालपत्रात नाही. मला आठवत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग केला. रिकामी रायफल, रिकामी पुंगळी, स्वयंपाकघरातले घड्याळ. तरफ, पुंगळी, खिसा, पुंगळी, तरफ, घोडा, नेम. पाच वेळा करून पाहिले. सरासरी नऊ सेकंद.

आता प्रश्न असा. त्या नऊ सेकंदांत, त्या उतारावर, मी कोणता विचार केला? शपथेवर सांगतो: कोणताही नाही. हातांना काम येते. हातांनी ते केले. हात जितके कसलेले तितकी डोक्याची गरज कमी — म्हणजे माझ्या निकालाच्या नेमके उलट! नवशिका कदाचित थांबला असता. स्टॅम्पर या खोऱ्यातला सर्वांत कसलेला हात होता.

पर्याय दोनच उरतात. मी खोटारडा आहे, किंवा तो खरा होता. मी खोटारडा नाही.

पंचवीस वर्षे! शिक्षा भोगून संपलेल्या माणसाची शिक्षा मागे घेणारे न्यायालय कोठेही नाही. मी शोधले. कायद्यात नाही, आणि दुसरे कुठे शोधावे हे मला कोणी शिकवलेले नाही.

४ नोव्हेंबर

कचेरीत जाऊन जुनी फाइल मागितली. गोदामात असेल म्हणाले, दोन आठवडे लागतील.

९ नोव्हेंबर, शनिवार

जे आजवर कुठेच लिहिले नाही ते लिहितो.

ज्या रायफलीने मी दोन माद्या मारल्या ती स्टॅम्परची आहे. सरकारने लिलावात विकली, दोन-तीन हातांतून फिरली, आणि चौऱ्याऐंशी साली बिलिंग्ज शहरातल्या एका दुकानात मला भिंतीवर दिसली. दस्त्यावरचा खेचराच्या नालाचा छाप मी कोर्टातल्या टेबलावर पाहिलेला होता. मी ती घेतली. मालकी कायद्याने पूर्णपणे निर्वेध होती. सिग्नेला मी तेच सांगितले. तिने रायफलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "नाबोथाचा द्राक्षमळा," एवढेच बोलली. बायबलातला राजा निर्दोष नाबोथाचा खोट्या निवाड्याने जीव घेतो आणि त्याचा मळा स्वतःकडे घेतो. त्या हिवाळ्यात मी आणलेले मांस तिने शिजवले, पण खाल्ले नाही.

का घेतली? सुंदर होती म्हणून. तीस इंची नळी, अकरा पौंड वजन, आणि एकच गोळी. एकच गोळी असलेल्या माणसाला आधी विचार करावा लागतो, असे मी मंडळींना सांगत असे. बारा वर्षे मी एका निर्दोष माणसाच्या रायफलीने हे प्रवचन दिले.

सिग्नेला जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या खुर्चीवर सध्या वर्तमानपत्रे आहेत. दिवसभरात मी एक शब्दही बोललो नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आले. शेवटचे वाक्य मी परवा दुकानात बोललो: "पिशवी नको."

स्टॅम्पर जिवंत आहे. गिरणीमागे चाकांवरच्या घरांची वस्ती आहे तिथे, मुलीबरोबर. चाळीस मैल. पंचवीस वर्षांत मी त्या रस्त्याने एकदाही गेलेलो नाही, आणि ते योगायोगाने घडलेले नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो.

दार मुलीने उघडले. जोलीन, तिशीतली. माझ्या हातात गवसणीतली रायफल पाहून तिने दार पुन्हा अर्धे लोटले. आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

"जज्ज लुंडीन आलेत, डॅडी. बंदूक घेऊन."

"मग आत घे. नेम चांगला नाही त्यांचा."

तो खिडकीशी बसला होता. नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर घोंगडी. मी उभ्यानेच बोललो. तीन मुद्दे तयार करून गेलो होतो: माझ्या निकालाचे गृहीतक चुकीचे होते, त्यामुळे निष्कर्ष चुकीचा होता, त्यामुळे शिक्षा अन्याय होती. गेल्या महिन्यात माझ्या हातून काय घडले तेही सांगितले. आवाज दुसऱ्या मुद्द्यापर्यंत टिकला.

त्याने मला अडवले नाही. फक्त हात पुढे केला. मी रायफल दिली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने तरफ चाचपली, नळीत पाहिले, दस्त्यावरच्या नालावर अंगठा फिरवला.

"थंडीत अजून डावीकडे मारते का?"

"दीडशे यार्डांवर चार बोटे," मी म्हणालो. "बारा वर्षे मला वाटत होते दोष माझा."

"बारा वर्षं?" तो हसला, त्याला खोकला लागला, जोलीनने पाणी दिले. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी चांगला दिसत नसणार. दाढी चार दिवसांची होती.

"खाली बसा, जज्जसाहेब. ऐका. मला दोन्ही दिसत होत्या. एक माझी, एक सोबतच्या पाहुण्या शिकाऱ्याची. पाहुण्याचा नेम म्हणजे देवाची कृपा. त्याला रिकाम्या हाती पाठवलं असतं तर पुढच्या वर्षी आला असता का? मी जाणूनबुजून मारली. तुम्ही बरोबर ओळखलंत. तेव्हा लई राग आला तुमचा, पण ओळखलंत बरोबर."

"तुम्ही शपथेवर सांगितले होते —"

"शपथेवर कोण खरं बोलतं? बावीस वर्षं बसलात ना तिथे?"

रायफल त्याने परत केली. घेणार नाही म्हणाला. "मला आता चमचा उचलत नाही. तुम्हीच वापरा. फक्त चार बोटं उजवीकडे धरा."

जोलीन गाडीपर्यंत सोडायला आली. शाल घट्ट ओढून म्हणाली, "हे आम्हाला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. आईला पण नाही." मी म्हणालो, "असल्या गोष्टी माणूस घरात सांगत नाही."

१५ नोव्हेंबर

झोपलो. सलग सात तास!

सकाळी अंडी तळून खाल्ली. सिग्नेच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रे उचलली. निकालपत्र पुन्हा वाचले. गृहीतक डळमळीत आहे हे मान्य; निष्कर्ष मात्र खरा निघाला. तर्काच्या दृष्टीने समाधानकारक नाही, पण न्यायाच्या दृष्टीने पुरेसे आहे. आरोपीचा कबुलीजबाब हा सर्वोत्तम पुरावा.

रूडीला फोन करून रविवारी जेवायला बोलावले. तो म्हणाला, "बरे आहात ना?"

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फाइल आली. पिवळा पडलेला दोन पानांचा अहवाल, त्या वेळच्या निरीक्षकाचा. आरोपी घोड्यावरून चार तास डोंगर उतरून आला आणि पेट्रोलपंपावरून त्याने स्वतः फोन केला. सोबतचा पाहुणा शिकारी, मिनेसोटाचा दंतवैद्य, याचा जबाब: वारा नव्हता, धूर विरल्यावर स्टॅम्पर मोठ्याने म्हणाला, "अजून उभीच आहे." पाहुण्याने आदल्याच दिवशी आपली मादी मारलेली होती.

समासात माझे अक्षर: "वाचले. गैरलागू."

ऑर्व्हल स्टॅम्पर माझ्याशी एकदाच खोटे बोलला. त्याच वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला.