चौथ्या जागेसाठी रबर

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ६.१०
गुरुराजची मेल आली. गुरुराज आमच्या युनिटचा स्पोर्ट्स सेक्रेटरी. डिसेंबरात भोपाळला इंटर-युनिट टेबल टेनिस आहे. टीम चार जणांची. गेली अकरा वर्षं चौथा मी. यंदा चौथ्या जागेसाठी दोन नावं आलीत म्हणे, म्हणून २८ तारखेला निवड सामना. दुसरं नाव शिवलीला. गेल्या वर्षी लागलेली ट्रेनी इंजिनिअर. निपाणीची. वय तेवीस.

अकरा वर्षांत निवड समितीला माझा सामना घ्यावासा एकदाही वाटला नाही. एवढा विश्वास. यंदाच काय बिनसलं कळत नाही.

पुढच्या जुलैत रिटायर होतोय. म्हणजे हे भोपाळ शेवटचं. तो निळा टी-शर्ट, पाठीवर इंग्रजीत दामोदर, सगळं शेवटचं. मला ते हवंय. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर. साखर बंद. उद्यापासून.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कॉलनीच्या गेटपर्यंत गेलो. गार वारा होता. परत आलो.

चहा घेताना मूळ मुद्दा लक्षात आला. माझा खेळ चांगला आहे. तरी बॉल टेबलाबाहेर जातो. मी आणि बॉल यांच्यामध्ये काय असतं? बॅटवरचं रबर. म्हणजे दोष रबरात. सात वर्षं जुनं आहे, कडेला भेगा पडल्यात. सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे मी, इन्स्पेक्शनशिवाय एक स्क्रू आत जाऊ देत नाही. रबरही तसंच निवडणार. शास्त्रीय.

प्रमोदिनीने, म्हणजे बायकोने, विचारलं, पळायचं काय झालं. मी म्हटलं, पळणं हा दुय्यम मुद्दा आहे. साखर तिने स्वतःहूनच घातली होती चहात, त्यामुळे ती मोजत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
एक्सेल तयार. त्रेचाळीस रबरं, अकरा कॉलम. वेग, स्पिन, स्पंजची जाडी, कडकपणा, कंट्रोल, फील वगैरे. प्रत्येकाला वेटेज. पहिल्यांदा भलतंच रबर वर आलं. वेटेज थोडं बदललं, मग मला हवं होतं तेच पहिलं आलं. आता मनात शंका नाही.

आज कोणाच्या तरी प्रमोशनचा म्हैसूरपाक होता. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
जयनगर फोर्थ ब्लॉक. देवाप्पांचं स्पोर्ट्सचं दुकान. पार्किंग शोधण्यात चाळीस मिनिटं. देवाप्पा सत्तरीचे, मूळचे चिकोडीकडचे, मराठी बोलतात पण त्यांची. एक्सेलचं प्रिंटआउट पुढे ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि म्हणाले, आधी हात दाखवा सर, बॅट कशी धरताव बघू. दाखवली. मग म्हणाले, तुम्हाला स्वल्प हळू रबर पाहिजे. पातळ स्पंज. बॉल मारलेला हाताला कळाय पाहिजे बघा, कळलं की कंट्रोल आपसूक येतंय. कॉलम नाही, आकडा नाही, नुसतं हाताला कळाय पाहिजे. दुकान चालवणं वेगळं आणि टेस्टिंग वेगळं.

मी माझंच घेतलं. एक लाल, एक काळं. त्यांनी गोंद लावून, बॅटच्या कडेने कापून नीट चिकटवलं. मग रबरावरची पारदर्शक फिल्म सोलायला गेले तेव्हा मी हात धरला. म्हटलं, नवी वस्तू आहे. ते म्हणाले, खेळताना काढाय लागतीय सर ही. मी म्हटलं, बघतो. ते म्हणाले, सरी सर, तुमची मर्जी.

आमच्या घरी नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढत नाहीत. फ्रिजच्या दारावरची फिल्म नऊ वर्षं जशीच्या तशी आहे, म्हणून फ्रिज आजही शोरूममधला वाटतो. टीव्हीचा रिमोट पिशवीत. गाडीच्या सीट्स पाच वर्षं झाकलेल्या, पाहुणे घसरतात पण सीटवर एक डाग नाही. कंपनी फिल्म देते ती काही विचार करूनच देत असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर
घरी टेस्टिंग. बॅट टेबलावर आडवी, तीस सेंटिमीटरवरून बॉल सोडायचा, किती उडतो ते पट्टीवर बघायचं. वीस रीडिंग्ज ठरवल्या. प्रमोदिनी पट्टी धरून बसली. सहा झाल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली ती आलीच नाही. उरलेल्या चौदा रीडिंग्ज पहिल्या सहांच्या सरासरीने भरल्या. सातत्य अप्रतिम आहे या रबराचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
शिफ्ट संपल्यावर युनिटच्या हॉलमध्ये पहिला खेळ. समोर शिवलीलाच होती. तिच्या सर्व्हिसला भयंकर स्पिन असतो, आजवर माझ्या बॅटला लागून बॉल कुठेही जायचा. आज काही नाही. बॅट नुसती पुढे धरली, बॉल सरळ टेबलावर. ती गोंधळली. दोनदा स्वतःचीच बॅट उलटी करून बघितली. ३–१ जिंकलो.

नोंद. कंट्रोल: दहापैकी साडेनऊ. फील: नऊ. इतका मुलायम की हाताला काही लागतच नाही. फिल्म तशीच ठेवतोय. चालत्या प्रोसेसमध्ये बदल करायचा नाही, हा आमच्या डिपार्टमेंटचा नियम मीच लिहिलेला आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
गुरुराजलाही हरवलं. तो दमलाय म्हणाला. हरणाऱ्या माणसाचं तसंच असतं.

कॅन्टीनमध्ये ‘रबर कसं निवडावं’ यावर थोडं बोललो. पंचवीस मिनिटं. सुरुवातीला सात जण होते, शेवटी शिवलीला. तिने मोबाईलवर लिहून घेतलं. तिचं रबर तिच्या खेळाला चुकीचं आहे हेही स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मग मी काय करू वो सर आता. गुणी मुलगी. २८ तारखेचा विचार करून वाईट वाटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
टॉपस्पिन लागत नाही. बारा मारले, बाराच्या बारा नेटमध्ये. बॉल रबरावरून सटकतो. विचार केला. या रबराचं कंट्रोल इतकं वरच्या दर्जाचं आहे की आततायी शॉट ते स्वीकारतच नाही. निर्णय: टॉपस्पिन सोडला. माझ्या वयाला तो शोभतही नव्हता.

शिवलीलाने विचारलं, सर, ट्यूबलाइटखाली तुमची बॅट लई चमकतीय बघा, काय लावताव हिला? मी सांगितलं, हाय-ग्लॉस टॉपशीट. ती व्हय का म्हणाली आणि बराच वेळ बॅटकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

एकूण पळणं आजपर्यंत: गेटपर्यंत एकदा.

शनिवार, २२ नोव्हेंबर
फिल्मचा एक कोपरा सुटायला लागला. सेलोटेपने बसवला. प्रमोदिनी बघत होती. तिने तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंय. ती म्हणाली, स्पिन घर्षणाने येतो, तुझ्या रबरावर घर्षणच नाही, तू दोन आठवडे प्लॅस्टिकने खेळतोयस. आकृतीही काढली, पेपरच्या समासात, बाण दाखवून. तिचा अभ्यास चांगला आहे पण पुस्तकी. मी म्हटलं, निकाल बघ, अकरापैकी नऊ सामने जिंकलेत. ती म्हणाली, समोरच्यांना कळलं की थांबेल ते. मग तिने त्याच पानावरचं शब्दकोडं सोडवायला घेतलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मन शांत. माळ्यावरून सूटकेस काढली. पुण्याच्या बहिणीला फोन करून भोपाळचं सांगून टाकलं. गुरुराजला टी-शर्टचा साईझ एक्सएल कळवला. तो म्हणाला, सर, उद्याचं होऊ दे की आधी. प्रोसीजर म्हणून म्हणाला.

शिवलीला उद्या रडेल कदाचित. तिला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय: वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं वय आहे अजून. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. आवाजात माया हवी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सायंकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं. अंपायर गुरुराज. सामन्याआधी एकमेकांची बॅट बघायची पद्धत असते. शिवलीलाने माझी बॅट घेतली, उलटी केली, सेलोटेपच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. मग जवळ येऊन अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, सर, ह्याच्यावरची फिल्म ऱ्हायलीय की वो.

मी मोठ्या आवाजात म्हटलं की ती मुद्दाम ठेवलेली आहे. त्यामुळे चाळीसही जणांना कळलं.

गुरुराज आला. म्हणाला, फिल्म लावून खेळता येत नाही सर, काढा नाहीतर दुसरी बॅट घ्या. शिवलीला म्हणाली, असू दे, माझी काही हरकत न्हाई. तो म्हणाला, नियम आहे. मग त्यानेच सोलली. आधी लाल बाजूची, मग काळ्या. हॉलमध्ये इतकी शांतता होती की दोन्ही वेळा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. मागून स्टोअर्सचा कोणीतरी म्हणाला, क्वालिटी कंट्रोल. सगळे हसले. शिवलीला हसली नाही, बुटाची लेस बांधत राहिली.

तिची पहिली सर्व्हिस मी नेहमीसारखी बॅट पुढे धरून घेतली. बॉल पंख्याला लागला. दुसरी कॅन्टीनच्या दाराशी गेली. ११–१. मग ११–२.

तिसऱ्या गेममध्ये आता जातंच आहे म्हणून एक टॉपस्पिन मारला. बॉल रबरात क्षणभर रुतला आणि मग निघाला. मला ते बोटांत कळलं. मनगटापर्यंत कळलं. टेबलाच्या कोपऱ्यावर पडला आणि शिवलीला नुसती बघत राहिली. तीन आठवडे मी फीलला नऊ मार्क देत होतो आणि मला फील म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. चाळीस लोकांसमोर लाज वाटत होती आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं. असं दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

११–४. संपलं.

शिवलीला पाया पडायला वाकली. काहीतरी बोलणं भाग होतं, तोंडून पाठ केलेलंच निघालं. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं वय आहे अजून. ती म्हणाली, बरं सर.

शनिवार, २९ नोव्हेंबर
रात्रभरात कारणं सुचली. बॉल नवा होता. गुरुराजचे बूट करकरत होते. सोलताना रबर ताणलं गेलं असणार. ऐन सामन्याआधी खेळाडूच्या बॅटमध्ये बदल करणं चूकच. समितीला तीन पानी अपील लिहिलं, सोबत एक्सेल जोडलं.

दुपारी गुरुराजच्या घरी गेलो. त्याने कॉफी दिली, तिन्ही पानं वाचली, मग म्हणाला, सर, हे पाठवू नका. मी म्हटलं, अकरा वर्षं ज्या माणसावर समितीने विश्वास ठेवला त्याला एवढाही हक्क नाही? त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, सर, अकरा वर्षं दुसऱ्या कोणी नावच दिलं नव्हतं. चार नावं नसली तर एंट्री घेत नाहीत. दरवर्षी तुम्ही हो म्हणायचात म्हणून आपली टीम जायची.

त्याने ते चांगुलपणाने सांगितलं. म्हणून जास्त लागलं. गेटपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, तुमच्यामुळेच टीम टिकली सर, खोटं नाही. मी हो हो म्हटलं.

अपील घरी आणलं. रात्री प्रमोदिनीने शिरा केला. साखर भरपूर होती, मी दोनदा घेतला.

सोमवार, ८ डिसेंबर
टीम पहाटे गेली. ऑफिसच्या गेटवर निरोप द्यायला गेलो. शिवलीलाच्या पाठीवर तिचं नाव होतं. टी-शर्ट तिला मोठा होता. एक्सएल असावा. मार्गदर्शन म्हणून दोन पानं लिहून नेली होती, ती खिशातच राहिली. म्हटलं, बॉलकडे बघून खेळ. ती म्हणाली, व्हय सर, तुमी बी खेळत ऱ्हावा.

संध्याकाळी हॉलमध्ये गेलो. कोणीच नव्हतं, खेळणारे सगळे भोपाळला. थोडा वेळ बाकावर बसलो. मग टेबलाची अर्धी बाजू उभी केली. अशी उभी केली की भिंतीसारखी होते, आपण मारलेला बॉल आपल्याकडेच येतो, एकट्याला खेळता येतं. बॉल प्रत्येक वेळी हाताला कळत होता. देवाप्पा बरोबर होते, हे इथे लिहून ठेवतो, दुकानात जाऊन सांगणार नाही.

पहिला गेम ११–३. टेबल जिंकलं. दुसरा ११–५, तोही टेबलाने घेतला. तिसरा थोडक्यात गेला, ११–९. स्कोअर मीच मोजत होतो, त्यामुळे अपील करायला कोणी नव्हतं.