बांधावरचा जावई

सावदा,
आखाजीनंतरचा (अक्षय्य तृतीयेनंतरचा) चौथा दिवस

आदरणीय यादव सर,

सप्रेम नमस्कार आणि जय भीम. आपली प्रकृती उत्तम असेल, सौ. लिलाबाईंचा खोकला उतरला असेल आणि आपण सकाळचे फिरणे (घरातल्या घरात नव्हे, रस्त्यावरचे) पुन्हा सुरू केले असेल, असे गृहीत धरतो. आमच्याकडे सर्व कुशल आहे. पारा चव्वेचाळीसवर आहे. धुळ्याचा त्रेचाळीस असल्याचे वर्तमानपत्रात वाचले आणि तुमच्यापेक्षा एका अंशाने पुढे असल्याचा आनंद झाला. निवृत्त माणसाला एवढाही पुरतो.

आता एक कोडे. दिवाळीत आपल्याकडे आलो होतो, तेव्हा गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी पाहिली होती. सकाळी आपण तिला पेलाभर पाणी घालता, दुपारी लिलाबाई तांदळाचे धुवण घालतात, संध्याकाळी दीपमाला बाटलीत उरलेले ओतते. म्हणजे तीन सुशिक्षित माणसे एका झाडाला दिवसातून तीनदा पाणी देतात, आणि झाड वाळत चालले आहे. खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड आठवड्यातून दोनदाच बादली उपडी करते, आणि त्यांचा मोगरा फुलांनी लगडलेला असतो. आपल्याही हे लक्षात आले असणारच. असे का व्हावे? उत्तर शेवटी देईन. विज्ञानाच्या शिक्षकाने उत्तर आधी सांगितले की मागचे बाक झोपतात, हा आपल्या दोघांचा चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

(हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर आपण तिसऱ्या वाक्यालाच "सर, मुद्दा?" असे विचारता, आणि माझा मुद्दा सातव्या वाक्याआधी कधीच तयार नसतो. कागद असे विचारत नाही.)

आपली कन्या चि. दीपमाला हिने बनवलेले यंत्र होळीनंतर आमच्या केळीच्या बागेत बसले, हे आपण जाणताच. कमरेएवढा पांढरा दांडा, डोक्यावर ताटलीएवढे सौरपत्र आणि जमिनीत गाडलेल्या दोन टोकदार सळया. वरवर पाहता त्यात काही नाही, पण त्याचे काम समजून घेतले की माणूस थक्क होतो (मी झालो, बाकीचे अजून व्हायचे आहेत). ते जाणते, अर्थ लावते आणि सल्ला देते. आमच्या वहिनी शेवंताबाई बाजारात भरिताचे वांगे कसे घेतात ते पाहा. आधी ते तळहातावर तोलतात. हे झाले जाणणे. आकाराच्या मानाने हलके लागले म्हणजे बिया कमी, असे ठरवतात, हा अर्थ. मग "हे घ्या" म्हणतात, हा सल्ला. आणि पिशवी पुढे करायची की नाही हा निर्णय आमच्या थोरल्या बंधूंचा (अशी त्यांची समजूत आहे). यंत्राचेही तेच. सळयांना मातीतला ओलावा कळतो, मातीचा पोत आणि उन्हाचा कडाका जमेस धरून यंत्र त्याचा अर्थ लावते, आणि रोज सकाळी आठ वाजता बंधूंच्या फोनवर ठणठणीत आवाजात सांगते, "मुळांपाशी ओलावा पुरेसा आहे. आज पाणी देण्याची आवश्यकता नाही." किंवा याच्या उलट. पुढचा निर्णय माणसाचाच.

बंधू म्हणजे तोताराम आबा, वय शहात्तर. बागेला पाणी कधी द्यायचे हे त्यांनी पन्नास वर्षे उजव्या पायाच्या अंगठ्याने ठरवले. सकाळी अनवाणी ओळींमधून चालायचे, ठरलेल्या ठिकाणी अंगठा मातीत रोवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "आज राहू द्या." हा अंगठा चुकल्याचे मला आठवत नाही. पण यंदा गुडघे बसले, डॉक्टरांनी रोज बागेत जायला मनाई केली, आणि घरात कोणी उच्चारत नव्हते तो प्रश्न उभा राहिला: अंगठा ओट्यावर बसला तर बागेला विचारणार कोण? यंत्र आणले ते त्यासाठी. मी तासभर समजावले ते आबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग मास्तर, माह्यं काय काम राह्यलं? मले भिंतीवर टांगा, हार घाला."

दीपमाला स्वतः आली, वहिनींच्या हातचे जेवली आणि जाताना म्हणाली, "आबा, तुम्ही हो म्हणालात तरच मी दुसरं यंत्र बनवीन." त्यावर आबा जरा विरघळले. आठशे झाडांचा एक तुकडा त्यांनी यंत्राच्या स्वाधीन केला, मुदत आखाजीपर्यंत. मला बजावले, "तोवर खरं बोललं तं राहीन. नाही तं उपटून तुह्या शायेच्या कपाटात ठीव."

दीपमालाला तातडीने परतायचे असल्याने यंत्र रोवण्याचे काम मी अंगावर घेतले. जागा निवडली ती फाटकालगत, बांधावर. नारळ फुटला, दांड्याला हळदकुंकू लागले (सौरपत्राला लागलेले मी रुमालाने पुसले). पहिला महिनाभर यंत्राचा सल्ला आणि उरलेल्या बागेसाठी आबांनी ओट्यावरून बांधलेला अंदाज तंतोतंत जुळला. आबांना ते मुळीच आवडले नाही. त्यांनी यंत्राचे बारसे केले: "जागचा हालत नाही, काडीचं काम करत नाही, आन सकायी सकायी मले अक्कल शिकोते. हा तं जावई हाये!" झाले. दुपारपर्यंत साऱ्या गल्लीत जावई, आणि संध्याकाळी दूधवालाही मला विचारतो, "मास्तर, जावई काय म्हनतात?"

त्यानंतर जावई एकच वाक्य बोलू लागले. ओलावा पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशी पुरेसा, तिसऱ्या दिवशी पुरेसा. आबांनी शब्द दिलेला, त्यामुळे त्या तुकड्याच्या ठिबकची कळ बंद. आता केळीचे पान भर उन्हात मधल्या शिरेशी मिटते हे आपल्याला ठाऊक आहेच. ती त्याची स्वसंरक्षणाची युक्ती, आणि सकाळपर्यंत ते पुन्हा उघडते. पण चौथ्या दिवशी आठशे झाडांची पाने सकाळी सातलाही मिटलेलीच होती. शेजारच्या ओळी मात्र हिरव्यागार आणि उघड्या. आबांना मी मोटारसायकलवर नेऊन दाखवले. त्यांनी एक मिटलेले पान बोटांनी उघडून पाहिले. मग म्हणाले, "झाडंबी बोलून राह्यले, जावईबी बोलून राह्यला. मी कोनाचं ऐकू, मास्तर?"

सर, त्या क्षणी मी कळ उघडायला हवी होती. मी वही उघडली. फोनवर ओलाव्याचा आलेख दिसतो. त्यात रोज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी एक टेंगूळ येत होते, तेही रविवारसुद्धा न चुकता. मी तीन उपपत्ती मांडल्या. पहिली दवाची (चव्वेचाळीस अंशांत दव पडत नाही, म्हणून ती मीच खोडली). दुसरी केशाकर्षणाची, म्हणजे मातीतल्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढण्याची. तिसरी बुजलेल्या विहिरीच्या झऱ्याची. प्रत्येकीला दोन पाने, आकृत्यांसह. वहिनी चहा ठेवून गेल्या. आबा ओट्यावरून म्हणाले, "एवढ्या वेयात बादलीनं आठशे झाडाले पानी झालं असतं."

सातव्या सकाळी मी निरीक्षण हाच विज्ञानाचा पाया हे स्मरून केळीच्या बुंध्याआड वही, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन बसलो. सात अडतीसला फाटक वाजले. वहिनी आल्या, डोक्यावर पदर, हातात तांब्या. त्यांनी जावयाच्या पायाशी सावकाश पाणी ओतले. मग हौदावर जाऊन तांब्या भरून आणला आणि तोही ओतला. सात चाळीस. टेंगूळ माझ्यासमोर उभे होते, आणि त्याच्या पायात जोडवी होती.

"वहिनी! हे काय करता?"

"अगो बाई, भाऊजी! केयीत कायले लपले?"

"यंत्राला पाणी कशाला?"

"मंग? जावई म्हनता, आन दारात उभ्या जावयाले पान्याचं विचारू नाही? दिवसभर उन्हात उभा राह्यते बिचारा."

"पण दोन तांबे?"

"एक माह्याकून. एक तुमच्या भावाकून. ते त्याले रोज घालूनपाडून बोलतात ना."

मी घरी येऊन आबांना सर्व निवेदन केले. त्यांनी आधी गड्याला फोन करून ठिबकची कळ उघडायला लावली (माझ्यात आणि त्यांच्यात फरक तो हाच), आणि मग ते हसू लागले, ते ठसका लागेपर्यंत. वहिनींनी पाठीवर हात फिरवला तेव्हा थांबले आणि मला म्हणाले, "जावयाची चूक नाही. त्याले पानी भेटलं, त्यानं भेटलं म्हनून सांगितलं. त्याच्या पायाखाली ओलं म्हनजे साऱ्या बागेत ओलं, हे तं आपन समजलो." सर, मुठीतल्या दाण्यांवरून सारे पोते जोखताना काय सांभाळावे, हा धडा मी चौतीस वर्षे शिकवला. एवढ्या थोडक्यात मला तो एकदाही सांगता आला नाही.

झाडे वाचली. कडा करपल्या, पण तिसऱ्या सकाळी पाने उघडी होती.

आखाजी उजाडली. घर माहेरवाशिणींनी भरलेले, निंबाला झोका, स्वयंपाकघरात पुरण. आणि आबा म्हणाले, "चाल बागेत. मुदत भरली." दीपमालाला काय सांगायचे याची जुळवाजुळव मी वाटेतच सुरू केली. फाटकाशी उतरल्याबरोबर आबांनी गड्याकडून जावई उपटवला. मी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा आबा काठी टेकत ओळींमध्ये शिरले होते. चाळीस पावले, पाव तास. मला त्यांनी हात लावू दिला नाही. आठव्या ओळीत ते थांबले, चप्पल काढली, अंगठा मातीत रोवला आणि डोळे मिटले.

"अठी गाड," ते म्हणाले. "पन्नास वर्सं मी अठीच इचारलं."

आता रोज सकाळी आठ वाजता आबा ओट्यावर बसून फोन ऐकतात, पूर्वीसारखेच डोळे मिटून, आणि मग निर्णय देतात. कधी मान्य करतात, कधी "आज वारा हाये, अर्धा तास जास्ती सोडा" म्हणून मोडीत काढतात. दीपमालाने फोनवर सांगितले की आबांनी काय मोडीत काढले ते रोज लिहून ठेवा, यंत्र त्यातून शिकेल. त्यामुळे आबांनी माझी वही काढून घेतली आहे. जावयाला शिकवायचे आहे म्हटल्यावर गुडघ्यांची तक्रारही कमी झाली. दुसऱ्या यंत्राला त्यांनी हो म्हटले आहे. ते तिला आपणच सांगावे, वडिलांच्या तोंडून ऐकलेले अधिक गोड लागते.

लिलाबाईंना नमस्कार. इकडे या, भरिताचा हंगाम नाही, पण वहिनींना हंगाम अडवू शकत नाही.

आपला स्नेहांकित,
नवल

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. माझ्या त्या तीन उपपत्ती 'यंत्ररचनेतील मूलभूत दोष' या शीर्षकाखाली मी सहाव्याच दिवशी दीपमालाच्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने रवाना केल्या होत्या. जाड खाकी पाकीट आहे. आपण सही करून ते टेबलावर ठेवले असेल. रविवारी ती नाशिकहून परत येण्याआधी कृपया ते आपल्या कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवावे. चौथ्या पानावर तिला आठवीचे विज्ञान पुन्हा वाचण्याचा सल्ला दिलेला आहे.

ता. क. २. तिच्या सूचनापत्रात यंत्र 'बागेच्या मधोमध' बसवावे असे ठळक अक्षरांत होते. मी ते फाटकाशी बसवले, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला चपला न मळवता पाहता यावे आणि मला समजावता यावे. हेही तिला कळू नये. फाटकाशी आता पांढरा रंग दिलेला एक पोकळ पाईप उभा आहे. वहिनी त्याला रोज दोन तांबे घालतात. काल चोपड्याहून पाहुणे आले होते. मी त्यांना त्या पाईपाविषयी चाळीस मिनिटे माहिती दिली. ते थक्क झाले.

ता. क. ३. कोड्याचे उत्तर सांगत नाही, प्रयोग सांगतो. रविवारी सगळे घरी असताना मोगऱ्याच्या कुंडीत तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. पहिले पेर ओले आणि दुसरे कोरडे लागेल. मग बोट न धुता मोठ्याने विचारा, "आज कुंडीला पाणी कोणी घातलं?" तीन हात वर होतील, त्यांतला एक आपलाच. ज्या हाताच्या बोटाला माती असेल, पुढचा सल्ला त्याचा घ्यावा.