पंजाच्या आतलं नाव

सर, तुमच्या प्रयोगशाळेत तो रोबो बनवणाऱ्या आम्हा चौघांची तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती आम्ही मागे घेतलेली नाही. ठाण्याच्या आंतरशालेय स्पर्धेत मी परीक्षकांशी खोटं बोललो, तेव्हा तुम्ही माझ्यापासून दोन पावलांवर उभे होतात. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. आम्ही भेटलो की आजही कुणीतरी विचारतंच, "सर गप्प का बसले?" दोघे मित्र चिडतात, मी पाण्याचा ग्लास उचलतो, आणि जिच्या वाट्याचं मी लाटलं ती विषय बदलते.

नव्वदीची सुरुवात होती, आम्ही नववीत होतो. स्पर्धेची अट साधी: यंत्राने एका वाडग्यातलं अंडं उचलून न फोडता दुसऱ्या वाडग्यात ठेवायचं. तुम्ही त्याला यंत्रमानव म्हणायचात, आम्ही रोबो. भंगारातून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी, दारावरच्या बेलची बटणं आणि पत्र्याची तीन बोटं. शिवाय तुमचा नियम. आपण केलेल्या भागाच्या आतल्या बाजूला प्रत्येकाने कर्कटकाच्या टोकाने आपलं नाव कोरायचं. "बाहेर शाळेचं नाव, आत तुमचं. ज्याचे हात, त्याचं नाव," असं तुम्ही म्हणालात. माझं नाव खालच्या लाकडी फळीवर होतं. त्या फळीला मी चार भोकं पाडली होती.

आम्ही केलेली चूक आठवते ना? आमच्यातल्या एकाच्या घरी अंडं वर्ज्य होतं. शर्टावर बलक सांडला तर आईला काय सांगणार, म्हणून त्याने आधी अंडी उकडायची टूम काढली. आम्ही स्पिरिटच्या दिव्यावर, काचेच्या चंचुपात्रात अंडी उकडतो, रोबो ती ऐटीत उचलतो, सराव संपला की बाकीचे तिघे मीठ लावून ती खातो. असे तीन आठवडे गेले. स्पर्धेला दोन दिवस उरले असताना तुम्ही आलात आणि वाडग्यात कच्चं अंडं ठेवलंत. पत्र्याच्या बोटांनी त्याचा चिखल केला. "मेलो! आई घरात घेणार नाही," असं म्हणत आमचा शाकाहारी मित्र शर्ट धरून नळाकडे पळाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तीन आठवडे तुम्ही स्वतःलाच सोपा पेपर काढत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातली चौथी, ती आली. कोलशेतच्या खाडीकाठची, कोळ्यांच्या घरातली, वर्गात पाच वाक्यंही न बोलणारी मुलगी. वडील जाळी विणायचे त्याच नायलॉनच्या दोऱ्याची, मुठीत मावेल एवढी जाळी तिने रात्रीतून विणली होती. तिन्ही बोटांच्या मध्ये ती सैल बांधत ती म्हणाली, "बोटांनी अंडा नाय धराचा. बोटांनी जालं ओढाचा, मंग जालंच धरल त्याला." मी म्हटलं, "म्हणजे आता आपला रोबो बोंबील आणणार?" तिने मान वर केली नाही. "तू भाषन कर. मना काम करू दे." जाळी आवळली, कच्चं अंडं झोळीत निजलेल्या पोरासारखं अलगद उचललं गेलं. त्या क्षणी तुम्ही हसलात. आम्ही तुम्हाला हसताना पाहिलं ते तेवढंच.

ठाण्याच्या स्पर्धेत माहिती सांगायला तुम्ही मला उभं केलंत, कारण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. पुढे राज्याच्या स्पर्धेला रोबोबरोबर एकच विद्यार्थी जाणार होता. परीक्षकांनी विचारलं, "ही जाळीची कल्पना कोणाची?" ती माझ्या शेजारी बटणांची पेटी धरून उभी होती. मी म्हणालो, "माझी." तिने पेटीकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

सोमवारी तुम्ही माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिलात. "पंजा उघड." दोन स्क्रू काढले. आत तिचं नाव. "वाच." मी वाचलं. "मोठ्याने." मी मोठ्याने वाचलं, रिकाम्या प्रयोगशाळेत. "आवाज चांगला आहे तुझा. पुढच्या वेळी माणसांसमोर वाच." एवढंच बोलून तुम्ही फळा पुसायला लागलात. पुढच्या वेळी, राज्याच्या स्पर्धेत, तोच प्रश्न आला आणि मी म्हणालो, "आम्ही सगळ्यांनी मिळून." अर्धं खरं हे खोट्यापेक्षा सोयीचं असतं, हे मी तिथे शिकलो.

पुढची सगळी वर्षं कामगारांचा पुढारी म्हणून मी बोलतच आलो. कारखान्यांच्या फाटकांवर, टेंभी नाक्याच्या चौकात. "ज्याचे हात, त्याचं नाव!" म्हटलं की लोक अजून टाळ्या वाजवतात. ते वाक्य तुमचं आहे, हेही मी कधी सांगितलं नाही.

तुम्ही गप्प का बसलात ते मला कळलंय असं वाटतं. खरं माझ्याच तोंडून यावं म्हणून तुम्ही जागा मोकळी ठेवलीत. पण सर, मला हे मान्य नाही. एका मुलाला धडा मिळावा म्हणून एका मुलीचं श्रेय खोळंबून ठेवायचं, हा कुठला न्याय? तुम्ही त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मीही. तुमची सुटका झाली, माझी नाही.

येत्या रविवारी शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि भाषण माझं आहे. रोबो अजून काचेच्या कपाटात आहे, खाली चिठ्ठीवर माझं एकट्याचं नाव. ती आता कळव्याला असते. भेटली की हसून विचारते, "आज भाषन कुठं हाय?" तिला द्यायला म्हणून शाळेने निमंत्रण माझ्याकडे दिलं, त्याला पंधरा दिवस झाले. ते अजून माझ्या खणात आहे. हे पत्र तिथेच ठेवतो, आणि निमंत्रण घेऊन निघतो. भाषणाचं पहिलं वाक्य तेवढं लिहून झालंय: मित्रांनो, टाळ्या थांबवा, ते कपाट उघडा, पंजाचे दोन स्क्रू काढा आणि आतलं नाव मोठ्याने वाचा.