शुगरची गोळी आणि धारोष्ण दूध

प्रिय बापू,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण फोनवर तुम्ही 'खलास, पुरे आता, बरा आहे मी' म्हणून ठेवून देता, आणि कालपासून तर उचलतच नाही. आई म्हणते ताप उतरत नाही. तुमच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमधला रोशन फोरमन म्हणतो, शेठ खोकले की ग्राइंडरच्या आवाजातही ऐकू येतं. तरी डॉक्टरकडे जायचं नाही, तपासणी करायची नाही. हट्टाला पेटलात की तुमच्यापुढे कुणाचं चालत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

या सगळ्याची सुरुवात अबू हमदच्या फार्मवर झाली. त्याच्या उंटांसाठी तुम्ही शेड बांधलीत, मैत्री झाली, आणि दर भेटीत उंटिणीच्या धारोष्ण दुधाचं फेसाळ वाडगं हातात येऊ लागलं. ते पाहुण्याने परत करायचं नसतं, हे मान्य. पण भीड भिकेची बहीण. आधी भिडेपोटी प्यायलात, मग ते शुगरला चांगलं असं कुणीतरी सांगितलं म्हणून. आईने उकळून घ्या म्हटलं, तर म्हणे सत्त्व जातं. पाहुण्याला मानाने धारोष्ण देतात, पण अबू हमदच्या घरी ते उकळूनच पितात, हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का?

त्यात माझं लॅबचं काम. जेवताना मी सांगत होते, की उंटांपासून, कदाचित त्यांच्या कच्च्या दुधातूनही, माणसाला होणाऱ्या मर्स या श्वसनाच्या आजाराच्या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात, ते आपल्या फुप्फुसांतल्या पेशींवरचं एक प्रथिन धरतात, आणि नेमक्या त्याच प्रथिनावर तुमची शुगरची गोळी काम करते. तुम्ही तेवढंच ऐकलंत आणि जाहीर केलंत, मग मला कसली भीती, माझं दार तर गोळीने बंदच आहे! त्यानंतर एका वाडग्याची दोन वाडगी झाली.

बापू, दार बंद नाही. काट्याचं काम दोन टप्प्यांत होतं. वरचा भाग पेशीवरचं प्रथिन घट्ट धरतो. मग आपल्याच शरीरातलं एक विकर काट्याला छेद देतं, खालचा भाग मोकळा होऊन पेशीच्या आवरणात घुसतो, दुमडतो आणि विषाणूला पेशीशी खेटवतो. दोन्ही आवरणं एक होतात आणि आतला माल पेशीत उतरतो. तुम्ही आधी क्लॅम्प लावता आणि मग वेल्डिंग करता, तसंच. गोळी बसते त्या प्रथिनाच्या आतल्या खाचेत. काटा धरतो ती बाहेरची बाजू मोकळीच राहते. टेबलाच्या खणाला कुलूप घातलं म्हणून टेबल उचलता येत नाही असं थोडंच आहे?

तुम्ही म्हणाल, ही लॅबमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकते. हाकते. तुमचा ताप साधा फ्लूचाही असेल. पण ते स्वॅब दिल्याशिवाय कळणार नाही, आणि शुगर असलेल्या माणसाने वाट पाहत बसू नये.

आज सकाळी आईने रडत खरं कारण सांगितलं. तुम्ही डॉक्टरला घाबरत नाही आहात. तपासणीत काही निघालं तर अधिकारी अबू हमदच्या फार्मवर जातील, ऐन शर्यतींच्या मोसमात त्याचे उंट अडकतील, आणि तुमच्यामुळे मित्र गोत्यात आला असं होईल, म्हणून तुम्ही वर्कशॉपच्या मागच्या खोलीत कडी लावून बसला आहात. मी शारजाहून सरळ त्याच्याकडेच गेले. तो माझ्यावरच चिडला, इतके दिवस सांगितलं का नाही म्हणून. उंटांना यात बहुतेक साधी सर्दी होते, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. त्याने माझ्यासमोर जनावरांच्या डॉक्टरला फोन केला आणि उंट तपासायला बोलावलं. शर्यती पुढच्या वर्षीही असतात, म्हणाला. आत्ता तो मास्क लावून माझ्या शेजारी, तुमच्या दाराबाहेर उभा आहे. ॲम्ब्युलन्स गेटवर आली आहे. हे पत्र दाराखालून सरकवते आहे, कारण हाका मारून आमचे दोघांचे घसे बसले. मला फार भीती वाटते आहे, बापू. मला तुम्ही हवे आहात. कडी काढा.

तुमचीच,
इशिता